कडूसं पडताना माळावर कॅमेरा का अडखळतो

भर दुपारी लांडग्याचा चांगला फोटो मिळाला असं सांगणारा माणूस मराठवाड्यात क्वचितच भेटेल. माळावरची खरी धावपळ तांबडं फुटताना आणि कडूसं पडल्यावर सुरू होते. नेमका तेव्हाच कॅमेरा कुरकुर करू लागतो आणि फोटोवाले उजेडाला शिव्या घालतात. पण उजेड कमी झालाय म्हणूनच तर लांडगा बाहेर पडलेला असतो! जी अडचण कॅमेऱ्याची, तीच त्याची संधी.

आकडे बघा. भर उन्हात जमिनीवर सुमारे 1 लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. सूर्य टेकतो तेव्हा तो 400च्या आसपास उरतो आणि पुढच्या वीस-बावीस मिनिटांत तीन-चारवर येतो. म्हणजे दर तीन मिनिटांनी उजेड निम्मा! आपल्या अक्षांशावर सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो, त्यामुळे युरोपातल्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ आपल्या वाट्याला येत नाही. आत्ताचं सेटिंग पाच मिनिटांनी निकामी.

इथली सफारी म्हणजे बहुधा डांबरीच्या कडेला गाडी लावून गायरानाकडे बघत बसणं. समोर काळविटांचा कळप. ताशी 80 किलोमीटरने सुटलेलं काळवीट सेकंदाला 22 मीटर कापतं. शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरतं उघडं असेल तर तेवढ्यात ते एक सेंटीमीटर सरकतं, हे खपून जातं. उजेड नाही म्हणून शटर साठाव्या भागावर आणलं की ते सदतीस सेंटीमीटर सरकतं आणि फोटोत नुसता तपकिरी पट्टा उरतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात 150-600 मिलिमीटरची झूम लेन्स असते. पूर्ण लांबवल्यावर तिचं तोंड एफ 6.3पेक्षा मोठं होत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). एफ 4ची महागडी लेन्स तिच्या अडीचपट उजेड आत घेते, पण तिच्या किमतीत चांगली बैलजोडी येऊन वर पैसे उरतील.

मग आयएसओ वाढवायचा, म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्यात वाढवून दाखवायचा. फोटो दाणेदार होतो आणि दोष आयएसओच्या माथी मारला जातो. खरं कारण फोटॉनांच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, तुटवड्यात आहे. हाताने फेकून बी पेरताना दाट पडलं तर रान सारखं दिसतं. विरळ पडलं तर कुठे झुपका, कुठे नांगी, म्हणजे मोकळी जागा. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर फोटॉन असेच पडतात. त्याच्या एका ठिपक्यावर, म्हणजे पिक्सेलवर, 10,000 पडले तर त्यात साधारण 100चा चढउतार असतो, म्हणजे एक टक्का. 100च पडले तर चढउतार 10चा, म्हणजे दहा टक्के. ही निसर्गातलीच अनिश्चितता आहे, कंपनी बदलून ती जात नाही. माझं मत विचाराल तर दाणे पत्करावेत आणि शटर वेगवान ठेवावं. दाणे सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही.

काळविटाचा नर ही वेगळीच परीक्षा. पाठ जवळजवळ काळी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं गृहीत धरून हिशेब करतो. वाळलेल्या कुसळी गवतात नर लहान दिसत असेल तर मीटर गवताचं ऐकतो. घरी येऊन फोटो मोठा केला की पांढऱ्या कड्याच्या आत डोळा सापडतच नाही, काळ्यात काळा बुडालेला असतो. नराने चौकट भरली की उलटं होतं, मीटर काळ्याला करडं करायला जातो आणि पोटाचा पांढरा रंग जळतो, म्हणजे नुसता कोरा पांढरा उरतो. जळलेल्या पांढऱ्यात नंतर काहीच सापडत नाही, काळ्यातून बरंच काढता येतं. म्हणून रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये, काढावं आणि पांढरं सांभाळावं.

वर गडद, खाली फिकट ही रंगसंगती हरणीतही आहे. अॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराने 1896मध्ये तिचं स्पष्टीकरण मांडलं. ऊन वरून पडतं, पाठ उजळते, पोट सावलीत जातं. रंग नेमके उलटे असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात आणि जनावराचा गोलवा नाहीसा होतो. सूर्य कलला की ऊन आडवं येतं आणि हा हिशेब बिघडतो, कळप उठून दिसतो. फोटोवाल्यांची लाडकी वेळ ती हीच. सूर्य बुडाला की उजेड पुन्हा वरून, आकाशातून झिरपतो आणि कळप परत माळात विरतो.

उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर वेगळाच त्रास. वखरलेली काळी जमीन ऊन पिऊन तापते, तिच्यावरची हवा उकळल्यासारखी हलते. गरम आणि थंड हवेत प्रकाश कमीजास्त वाकतो, त्यामुळे दोनशे मीटरवरचं काळवीट लांब लेन्समधून थरथरताना दिसतं. इथे महागडी लेन्सही हात टेकते. लवकर जाणं किंवा अंतर कमी होण्याची वाट बघणं, एवढंच. थंडीत गाडीतली ऊब खिडकीतून बाहेर पडतानाही हाच घोळ होतो, तेव्हा काच थोडी आधीच उघडून ठेवावी.

कडूसं पडतानाच्या अंधुक उजेडात या जनावरांना कसं दिसतं? हरणाची बाहुली आडवी असते, त्यामुळे क्षितिजाचा मोठा पट्टा एकदम नजरेत येतो. चरायला मान खाली गेली तरी डोळे खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतर ठेवतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015मध्ये 214 प्रजातींच्या बाहुल्या तपासल्या. दबा धरून झडप घालणाऱ्या छोट्या शिकाऱ्यांत उभी फट जास्त आढळली. आपल्या खोकडाची बाहुली तशीच, लांडग्याची मात्र गोल. हरीण काय किंवा लांडगा काय, दोघांच्याही डोळ्यातल्या पडद्यामागे चकाकता थर असतो. एकदा निसटलेला प्रकाश तो परत पडद्यावर फेकतो. हेडलाइटमध्ये डोळे चमकतात ते त्यामुळेच. सर्चलाइट मारणाऱ्यांचा मला राग येतो. दिपलेले डोळे पुन्हा अंधाराला सरावायला बराच वेळ घेतात आणि तेवढ्यात शिकारीचा निकाल आपण लावलेला असतो. 2021मध्ये गौताळा अभयारण्यात आलेला वाघ ट्रॅप कॅमेऱ्याने, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, टिपला. असे बरेच कॅमेरे रात्री डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, म्हणून त्यांचे रात्रीचे फोटो रंगहीन असतात.

उजेड अगदीच संपला की तोंड पश्चिमेकडे करावं. लालसर आकाशासमोर पिळदार शिंगांची काळी आकृती हमखास साधते. लांडग्याची साधत नाही, ती गावकुत्र्यासारखीच दिसते. शेपटी दिसेल अशी बाजू मिळेपर्यंत थांबावं: कुत्र्याची बहुधा वर वळलेली असते, लांडग्याची खाली लोंबते.