यझिदी

यझिदी हा मुख्यतः उत्तर इराकमध्ये राहणारा, बहुतांशी कुर्मांजी कुर्दिश बोलणारा धार्मिक समाज. मोसुलच्या ईशान्येकडचा शेखान हा टापू आणि पश्चिमेला सीरियाच्या सीमेलगतचा सिंजारचा डोंगर ही त्यांची जुनी वस्तीस्थाने. ऑटोमन राजवटीतल्या छळाला कंटाळून काही घराणी आर्मेनिया व जॉर्जियात गेली. जर्मनीत आज सुमारे दोन लाख यझिदी राहतात.

या धर्माला प्रमाण मानावा असा लिखित ग्रंथ नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला यझिदींचे धर्मग्रंथ म्हणून छापून आलेल्या संहिता बहुतेक अभ्यासक बनावट मानतात. खरे धर्मवाङ्मय म्हणजे ‘कौल’ ही पद्ये. बाशिका आणि बहझानी या जोडगावांतले कव्वाल ती पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवत आले आणि डफ व पाव्याच्या साथीवर गात आले. मोराच्या आकाराची पितळी मानचिन्हे घेऊन ते गावोगाव फिरत, तेव्हाच दूरच्या वस्त्यांना आपला धर्म ऐकायला मिळे.

देव एकच आहे, पण जगाचा कारभार त्याने सात देवदूतांवर सोपवला आहे, अशी श्रद्धा. त्यांचा प्रमुख ताऊसी मलेक, म्हणजे मयूर-देवदूत. आदमपुढे झुकायला नकार देणारा तो सैतान, असे शेजारच्या मुसलमानांनी ठरवले. यझिदींच्या सांगण्यानुसार तो नकार ही निष्ठेची कसोटी होती आणि देवाखेरीज कुणापुढेही न झुकणारा ताऊसी मलेक तीत उतरला. सैतानाचे नाव उच्चारणेही ते पाप मानतात. तरीही ‘सैतानपूजक’ हा शिक्का शतकानुशतके त्यांच्या कत्तलीसाठी पुरला. आत्मा अंगरखा बदलावा तसा देह बदलतो, असेही ते मानतात. या समजुतीमुळे आणि मोरामुळे यझिदी हे हरवलेले हिंदू असल्याचे संदेश आपल्याकडे फिरतात. त्याला ऐतिहासिक आधार नाही. या धर्मात जुन्या पश्चिम इराणी श्रद्धा आणि सूफी परंपरा यांचे मिश्रण आहे.

त्यातला सूफी धागा शेख अदी बिन मुसाफिर यांच्यापासून येतो. लेबननच्या बेका खोऱ्यात जन्मलेले अदी बगदादला शिकून उत्तर इराकमधल्या लालिशच्या दरीत स्थिरावले आणि ११६२ च्या सुमारास तिथेच वारले. त्यांची समाधी हे यझिदींचे सर्वांत पवित्र स्थान. सुळक्यासारखे पन्हाळीदार घुमट दुरूनच दिसतात. आवारात अनवाणीच जायचे आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. दाराशेजारी भिंतीवर काळ्या सापाचे शिल्प आहे. नूहच्या तारवाला पडलेले भोक सापाने स्वतःच्या शरीराने बुजवले, ही त्यामागची कथा. आत खांबांना गुंडाळलेल्या रेशमी कापडाची आधीच्या भाविकाने मारलेली गाठ सोडायची आणि आपल्या नवसाची नवी गाठ मारायची. दिवे जळतात ते ऑलिव्हच्या तेलावर. ‘कानिया स्पी’ या पांढऱ्या झऱ्याच्या पाण्याने मुलांना दीक्षा देतात. शरद ऋतूत सात दिवसांची मोठी जत्रा भरते. बुधवार पवित्र, एप्रिलमधल्या नववर्षाच्या ‘लाल बुधवारी’ अंडी रंगवतात आणि त्यांची टरफले लाल रानफुलांसह ओल्या मातीने दारावर चिकटवतात.

समाज शेख, पीर आणि मुरीद (म्हणजे सर्वसामान्य अनुयायी) अशा तीन जन्मजात वर्गांत विभागलेला आहे. लग्न आपापल्या वर्गातच व्हावे लागते आणि बाहेरच्याला धर्मात येता येत नाही. ऐहिक नेतृत्व मीर घराण्याकडे, तर धार्मिक नेतृत्व बाबा शेख यांच्याकडे असते.

आपल्यावर झालेल्या संहारांना यझिदी ‘फरमान’ म्हणतात आणि २०१४ चा चौऱ्याहत्तरावा मोजतात. १८३२ मध्ये रवांदुझच्या मुसलमान कुर्दी संस्थानाचा अधिपती मीर मुहम्मद याने शेखान उद्ध्वस्त केले. १८९२ मध्ये ऑटोमन सेनापती उमर वहबी पाशाने सक्तीचे धर्मांतर लादले आणि लालिश ताब्यात घेतले. पहिल्या महायुद्धात मात्र याच लोकांनी पळून आलेल्या आर्मेनियन व इतर ख्रिस्ती निर्वासितांना सिंजारच्या डोंगरात आसरा दिला. यझिदींविषयी लिहिताना ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

३ ऑगस्ट २०१४ रोजी ‘इस्लामिक स्टेट’ने सिंजारवर हल्ला केला. संरक्षणाची हमी देणारे कुर्दी पेशमर्गा सैनिक आधीच मागे हटले होते. हजारो लोक पाण्याविना डोंगरावर अडकले. पुरुष मारले गेले, सहा हजारांहून अधिक जणांचे, त्यांत मुख्यतः बायका-मुलांचे, अपहरण झाले आणि स्त्रियांची बाजारात विक्री झाली. १५ ऑगस्टला कोचो गावातले बहुतेक सगळे पुरुष ठार झाले. त्याच गावच्या नादिया मुराद यांना २०१८ चा शांततेचा नोबेल पुरस्कार काँगोचे डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांच्यासोबत मिळाला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये हा वंशसंहार असल्याचे म्हटले, आणि २०२१ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने या वंशसंहाराबद्दल जगातली पहिली शिक्षा सुनावली.

जुन्या रीतीप्रमाणे परधर्मीयाशी संबंध आलेली स्त्री समाजाबाहेर पडे. बाबा शेख खुर्तो हाजी इस्माईल यांनी ही रीत बाजूला सारली आणि सुटून आलेल्या स्त्रिया आपल्याच लेकी असल्याचे जाहीर केले. कित्येकींना पांढऱ्या झऱ्यावर पुन्हा दीक्षा देण्यात आली. इतक्या बंदिस्त धर्मात हा निर्णय असामान्य धैर्याचा होता. त्या अत्याचारांतून जन्मलेल्या मुलांना मात्र २०१९ मध्ये धर्मपरिषदेने स्वीकारले नाही, आणि मुसलमान बापाचे मूल मुसलमान म्हणूनच नोंदवणारा इराकी कायदाही आड आला. त्यामुळे अनेक आयांना मूल आणि माहेर यांतले एकच निवडावे लागले.