अमेरिकेत पण तिकीट पक्षश्रेष्ठीच देतात का?

"अमेरिकेतही वरून तिकीट मिळालं तरच उभं राहता येतं, प्रायमरी नुसती नावाला, म्हणून प्रोग्रेसिव्ह (डावीकडे झुकलेल्या) उमेदवारांना तिथे चान्सच नाही" असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. प्रायमरी म्हणजे मुख्य निवडणुकीआधीची, उमेदवार ठरवायची मतदानाची फेरी. आपल्याकडे एबी फॉर्मशिवाय पक्षाचं चिन्ह मिळत नाही, त्यामुळे तिकडेही तसंच असणार असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे एबी फॉर्मसारखं काही नसतं.

टेक्सासचंच बघा. काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) हाऊस या सभागृहासाठी ३,१२५ डॉलर फी भरायची नाहीतर मतदारांच्या ५०० सह्या आणायच्या, अर्ज नियमात बसला की नाव प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येतं, मग नेत्यांना तो माणूस आवडो न आवडो. मत देतात साधे मतदार, आणि कुणालाच ५० टक्क्यांच्या वर मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत रनऑफ, म्हणजे पुन्हा मतदान. कॅलिफोर्नियात तर २०१२ पासून सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, पहिले दोन मुख्य निवडणुकीत जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

नेत्यांचं वजन असतंच हो, पैसा आणि जाहीर पाठिंबा यांनी खूप फरक पडतो, ते नाकारत नाही. कनेक्टिकट राज्यात प्रायमरीत उतरायला पक्षाच्या अधिवेशनात १५ टक्के मतं लागतात, पण ती नाही मिळाली तरी सह्या गोळा करून प्रायमरीत उतरता येतं.

स्वतः बघायचं असेल तर त्या राज्याच्या निवडणूक खात्याची साइट उघडा, अर्जाचे नियम वाचा आणि मग जुने निकाल चाळा, स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत हरलेले विद्यमान खासदार तिथे सापडतील.