विडी कामगार बाई गेल्यावर पीएफ, पेन्शन आणि विमा: अर्ज कुठे अडतो?

तेरावं उरकलं की पाहुणे परततात आणि कागदपत्रांचं काम घरातल्या एखाद्या पोरावर येऊन पडतं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांच्या घरांत मी हे कायम बघतो: पीएफची रक्कम हातात आली की काम झालं असं धरलं जातं. खरं तर अर्ज तीन आहेत: पीएफला फॉर्म २०, पेन्शनला १०-डी, विम्याला ५-आयएफ. तिन्ही एकदमच भरा. मृत्यूचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि मुलांचे जन्मदाखले लागतात.

बायकोच्या पेन्शनवर नवऱ्याचा काय हक्क, असं म्हणून लोक १०-डी भरतच नाहीत. हक्क आहे. नोकरीत असताना मृत्यू झाला आणि एका महिन्याची वर्गणी जरी जमा असली, तरी नवऱ्याला पेन्शन मिळते, शिवाय २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही. विमाही नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो. त्याआधी सलग १२ महिने नोकरी असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख.

सगळ्यात जास्त फाईली परत येतात त्या नावामुळे. आधारवर लक्ष्मीबाई, कारखान्याच्या रजिस्टरात नुसतं लक्ष्मी, दाखल्यावर माहेरचं आडनाव. दवाखान्यात घाबरलेलं पोरगं तोंडी नाव सांगतं आणि तेच दाखल्यावर उतरतं. म्हणून तिथे आधार दाखवूनच नाव लिहून घ्या. नोंद मृत्यू झाला तिथेच होते: सिव्हिलमध्ये गेली तर महापालिकेत, गावी गेली तर ग्रामपंचायतीत; मुदत २१ दिवस. पीएफमधलं नाव चुकलं असेल तर वारसांनी जॉइंट डिक्लरेशन (नावदुरुस्तीचा अर्ज) द्यायचं, त्यावर कारखान्याची सही लागते. कारखाना बंद असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरची सही घ्या. हे पीएफ कार्यालयाच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी सांगता येतं. जिचं आयुष्य तंबाखूच्या धुळीत गेलं, तिच्या घरच्यांना एका अक्षरासाठी महिनाभराने परत पाठवणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी अडचण नॉमिनीची. लग्नाआधी आईचं नाव लावलेलं असेल तर लग्नानंतर ते चालत नाही. वैध नॉमिनी नसेल तर पीएफ कुटुंबात सारखा वाटला जातो. नवरा किंवा लहान मुलं असताना सज्ञान मुलगा आणि सधवा विवाहित मुलगी त्यात येत नाहीत. त्यामुळे थोरल्याच्या एकट्याच्या नावाने अर्ज करू नका.

फॉर्मला पैसे लागत नाहीत. टक्केवारी मागणाऱ्या एजंटाला मूळ पासबुक देऊ नका, आणि अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच मागून घ्या.