डॉक्टर, रुग्ण आणि मधले दोन हात

जून महिना, बांबोळीचा बसथांबा, धो धो पाऊस. मनोविकारतज्ज्ञांना भेटून आलेली एक कर्णबधिर बाई छत्री सावरत उभी आहे. मघाशी खोलीत तिच्या खुणा डॉक्टरांना मराठीत सांगणारी इंटरप्रिटर गाडी घेऊन तिथूनच निघते. दोघींची नजरानजर होते. बाई हातानंच विचारते, पणजीपर्यंत सोडशील?

हा प्रसंग मी रचलेला आहे. माझी एक मैत्रीण भारतीय सांकेतिक भाषेची इंटरप्रिटर आहे, पण खरा प्रसंग तिनं मला कधी सांगितला नाही आणि सांगणारही नाही. असं झालं तर काय करतेस, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, "नाही सोडत. आणि मग घरी पोचेपर्यंत जीव तुटतो."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला. पावसात उभ्या बाईला गाडीत घ्यायचं नाही, ही कसली रीत? त्या खोलीत भाषेवर किती गोष्टी टांगलेल्या असतात हे कळत गेलं, तसं माझं मत बदललं.

हाड मोडलं की एक्स-रे निघतो, मधुमेह रक्तातून कळतो. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्याचं निदान करणारी अशी तपासणी अजून नाही. माणूस काय बोलतो, कसं बोलतो, विचारांचा धागा कुठे तुटतो, यावर डॉक्टरांची मदार असते. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत न्यावा तशी इंटरप्रिटर रुग्णाची भाषा डॉक्टरांपर्यंत नेते. वाटेत तिनं तो नमुना धुऊन स्वच्छ केला तर निदान चुकणारच.

आणि स्वच्छ करण्याचा मोह फार मोठा असतो. एरवी बँकेत, शाळेत, कचेरीत इंटरप्रिटरचं कौशल्य यातच असतं, की समोरच्याचं तुटक बोलणं नीट अर्थ लागेल असं मांडायचं. इथे मात्र तुटकपणा हेच लक्षण असू शकतं. काही मनोविकारांत माणूस अर्थ सोडून केवळ नाद जुळतो म्हणून एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी मारतो. खुणांच्या भाषेत नादाच्या जागी हाताचा आकार येतो: अर्थाचा काही संबंध नाही, पण बोटांची ठेवण सारखी म्हणून खुणेमागून खूण. हे मराठीत ओढूनताणून सुसंगत केलं तर डॉक्टरांना काहीच दिसणार नाही. "वाक्य लागत नाही, पण खुणांचा आकार एकसारखा येतोय" असं सांगितलं तर दिसेल.

पण तुटक खुणांचं कारण वेगळंही असू शकतं. बहुतेक कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात चार कामचलाऊ हातवारे, शाळेत ओठ वाचण्याची सक्ती, असं बालपण गेलेल्या काहींना कोवळ्या वयात कुठलीच भाषा पुरती मिळत नाही. त्यांचं बोलणं पुढेही विस्कळीत राहतं, आणि तो काही मनाचा आजार नव्हे. या दोहोंतला फरक ओळखायला मुरलेला डोळा लागतो. म्हणूनच काही देशांत अशा वेळी स्वतः कर्णबधिर असलेला दुसरा इंटरप्रिटरही सोबत बसवतात.

नेहमीचे प्रश्नही इथे अडतात. "नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय?" अमूर्त विचार करता येतो का, हे बघायला म्हणींचा अर्थ विचारतात. इंटरप्रिटरनं भाव सांगितला तर उत्तर तिनंच दिलं. शब्दशः खुणा केल्या तर समोर उरतं नुसतं वाकडं अंगण. "आवाज ऐकू येतात का?" हा प्रश्न जन्मतः बहिऱ्या माणसाला विचारायचा कसा? लंडनमधल्या संशोधक जोआना ॲटकिन्सन यांनी कर्णबधिर रुग्णांचे असे अनुभव अभ्यासले. जन्मापासून पूर्ण बहिऱ्या असलेल्यांपैकी काहींनी हलणारे ओठ किंवा खुणा करणारे हात मनापुढे येतात असं सांगितलं. अशा ठिकाणी इंटरप्रिटरनं थांबून डॉक्टरांना सांगावं, की हा प्रश्न या भाषेत असाच्या असा जात नाही.

औषधांचंही तसंच. लिथियम या औषधानं हात थरथरू शकतात, मनोविकारावरच्या काही औषधांनी स्नायू ताठरतात. खुणा करणाऱ्याच्या बाबतीत ही जीभ जड होण्यासारखी गोष्ट आहे. "मागच्या खेपेपेक्षा खुणा लहान आणि संथ झाल्यात" असं इंटरप्रिटर जरूर सांगू शकते, कारण ते भाषेबद्दल आहे. "ती खचली आहे" हे तिनं सांगायचं नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड मर्यादा हीच.

आता गाडीकडे येऊ. पणजीला पोचेपर्यंत बाई सांगून जाते, की गोळ्या बंद केल्यात. तिच्या मनात, सांगून झालं. डॉक्टरांच्या कागदावर मात्र काहीच नाही. म्हणून प्रतीक्षागृहातही दोघींनी एकटं बसू नये, आणि रुग्णानं काही सांगायला सुरुवात केलीच तर "हे आत डॉक्टरांसमोर सांग" म्हणावं. जिवाला धोका असल्याचं कळलं तर मात्र गप्प राहायचं नाही, तडक डॉक्टरांना गाठायचं.

मुलाला किंवा नवऱ्याला मधे बसवणं हा यावरचा उपाय नव्हे. आईच्या मरणाच्या विचारांचा अनुवाद लेकानं का करावा? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ४ रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्या म्हणतं आणि त्यात सांकेतिक भाषेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं.

ओझं इंटरप्रिटरलाही होतं. ती "ही म्हणते की" असं म्हणत नाही, "मला जगायचं नाही" असं स्वतःच्या तोंडानं म्हणते. दुसऱ्याचं दुःख ऐकून ऐकून माणूस आतून बदलतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये मांडलं. ते समुपदेशकांबद्दल होतं. समुपदेशकाला निदान "मी" म्हणावं लागत नाही. भेटीनंतर डॉक्टरांनी पाच मिनिटं इंटरप्रिटरशी बोलावं, एवढं तरी कुठेही जमण्यासारखं आहे.

गोव्यात आणखी एक पेच. २०११ च्या जनगणनेत उभ्या राज्याची वस्ती साडेचौदा लाखांच्या आसपास, त्यात कर्णबधिरांचा गोतावळा केवढासा. सकाळी खोलीत भेटलेली बाई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मिरच्या निवडताना दिसणारच. ओळखच ठेवायची नाही, हा नियम इथे चालत नाही.

माझी मैत्रीण पहिल्याच भेटीत, डॉक्टरांसमोर, ठरवून टाकते: बाहेर दिसलो तर मी आधी हात हलवणार नाही. तू हलवलास तर मीही हलवीन, पण इथलं काही काढणार नाही. मी गाडीत घेणार नाही. मग ती विचारते, घरी कशी जातेस, बस किती वाजता? पावसाळ्यात पुढच्या भेटीची वेळ त्या बसच्या हिशेबानं द्या, असं ती तिथेच डॉक्टरांना सांगते.