बंधुभावाची कानउघाडणी (ख्रिस्ती धर्म)

मंडळीतल्या एखाद्याचे पाप त्याच्या लक्षात आणून देऊन त्याला परत वळवण्याची ख्रिस्ती रीत. पश्चिमेकडील परंपरेत ‘पाप्याला बोध करणे’ हे दयेच्या सात आत्मिक कृत्यांपैकी एक मानले जाते. शोक करणाऱ्याचे सांत्वन आणि अपराधांची क्षमा ही त्याच यादीतली शेजारची कृत्ये. या रीतीमागचा सगळा विचार त्या शेजारात आला, असे म्हणता येईल.

तिचा मुख्य आधार मत्तयच्या शुभवर्तमानातला १८ वा अध्याय (ओव्या १५–१७). भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन, दोघेच असताना, तो त्याला दाखवावा; ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यावे; मग मंडळीला सांगावे; तिचेही ऐकले नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (कर गोळा करणारा, त्या काळी लोकांच्या तिरस्काराचा विषय) समजावे. पहिल्या पायरीचे फळ काय, तर ‘भाऊ मिळतो’. व्यवहारात नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. शेवटची पायरी वाचायला कठोर वाटते खरी. पण हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे, याची आठवण भाष्यकार करून देतात.

इथे एक पाठभेद आहे आणि तो किरकोळ नाही. ‘तुझ्या भावाने तुझा अपराध केला’ यातला ‘तुझा’ हा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. तो धरला तर ज्याचा अपराध झाला त्याने बोलायचे. वगळला तर कुणाच्याही पापात लक्ष घालायची मुभा सर्वांना मिळते. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांना दुसरा पाठ अर्थातच सोयीचा.

पहिल्या शतकातला प्रेषित पौल याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (६:१) अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने सावरायला सांगितले आहे, आणि सावरणाऱ्याने आपण स्वतः मोहात पडणार नाही ना, हेही पाहायचे आहे. ‘सावरणे’ यासाठी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद शुभवर्तमानांत मासेमारीच्या संदर्भात येते: याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करत होते, तिथे. जाळे फाटले म्हणून कोळी ते फेकून देत नाही. मांडीवर घेऊन एकेक घर विणतो. हाच पौल करिंथ येथे बापाच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्याला मंडळीबाहेर काढायला सांगतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात मात्र शिक्षा झालेल्या एकाला आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे त्याचे म्हणणे आहे. जुनी परंपरा हे दोघे एकच मानते. आजचे बरेच अभ्यासक मानत नाहीत.

दयेचे उदाहरण म्हणून बहुतेक जण व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची कथा सांगतात (योहान ७:५३–८:११). येशू तिला दोषी ठरवत नाही आणि पुन्हा पाप करू नकोस असेही सांगतो. यातले एकच वाक्य उचलणारे दोन्ही बाजूंना भेटतात. ही कथा सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. बायकांना पापाची मोकळीक मिळेल या भीतीने काहींनी ती काढून टाकली असावी, असा प्राचीन ख्रिस्ती विचारवंत आणि बिशप ऑगस्टीनचा तर्क होता.

कानउघाडणी कोणी आणि कशाच्या बळावर करायची, हे तारणाच्या, म्हणजे पापातून सुटकेच्या, कल्पनेवर ठरते. तारण ही देवाची कृपा आहे, कमाई नव्हे, हे सर्व प्रमुख पंथांना मान्य आहे. म्हणून दोष दाखवणाराही क्षमेवरच उभा असतो. वाद पुढचा आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर याच्या मते माणूस केवळ विश्वासाने नीतिमान ठरतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ‘केवळ’ला हरकत घेतली आणि कृपेशी माणसाच्या सहकार्यावर भर दिला. १९९९ मध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी या प्रश्नावर संयुक्त जाहीरनामा केला. प्रोटेस्टंट पंथ पवित्र शास्त्र हाच अंतिम निकष मानतात. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च शास्त्राबरोबर परंपराही धरतात. त्यामुळे कशाला पाप म्हणावे, इथपासूनच मतभेद सुरू होऊ शकतात. ऑर्थोडॉक्स विचारात पाप हा मुख्यतः आजार: चर्च हे न्यायालय नसून दवाखाना आहे, असे धर्मोपदेशक क्रिसोस्टोमने चौथ्या शतकात म्हटले. पश्चिमेतही १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन सक्तीचे करताना त्याला कुशल वैद्याची उपमा दिली, आणि निवेदनातले गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून आजन्म मठात ठेवण्याची शिक्षाही ठरवली.

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनासने या विषयाचा सर्वांत व्यवहारी विचार केला. कानउघाडणी हे प्रेमाचे काम असल्याने ती योग्य वेळ आणि जागा पाहून करावी. समोरचा आणखी बिघडेल असे दिसले तर गप्प राहावे. चुकणारा वरिष्ठ असला तरी आदर राखून बोलावे.

शिस्तीचा अतिरेकही झाला. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात १५४१ पासून पाळक आणि वडीलजनांची सभा लोकांना बोलावून त्यांच्या खासगी वागणुकीची झाडाझडती घेई. बहिष्कृताशी जेवणखाणही टाळावे का, हा १६९३ मध्ये स्विस ॲनाबाप्टिस्टांत (जाणत्या वयात बाप्तिस्मा देणाऱ्या पंथात) फूट पाडणारा एक मुख्य प्रश्न होता. याकोब आमानच्या कडक बाजूपासून पुढे आमिश हा पंथ झाला.

‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे वाक्य बायबलमध्ये नाही. त्याच्या जवळ जाणारे शब्द ऑगस्टीनने ख्रिस्ती धर्मभगिनींच्या (नन्सच्या) एका मठाला लिहिलेल्या पत्रात सापडतात. समलिंगी ख्रिस्ती व्यक्तींना उद्देशून हे वाक्य आज वारंवार वापरले जाते, आणि ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातले प्रेम जाणवत नाही. मत्तयच्या पहिल्या पायरीचाही गैरवापर झाला आहे: अत्याचार झालेल्या व्यक्तीलाच ‘आधी त्याच्याशी एकट्याने बोल’ असे सांगितले गेले. अशा गुन्ह्यांना ती पायरी लागू नाही आणि तक्रार थेट पोलिसांकडे जावी, अशी भूमिका आता अनेक चर्च घेतात.