तिखाडीची भट्टी: रोशा तेलामागचा इतिहास

पावसाळा सरत आला की सातपुड्याच्या उतारांवर तिखाडीला तांबूस तुरे धरतात. पान बोटांत चुरगाळलं की आधी गुलाब जाणवतो, मग गवताचा तिखटपणा. हेच रोशा गवत, संस्कृतातलं रोहिष. आज सुगंधी शेतीच्या प्रशिक्षणात ‘पामारोझा’ म्हणून नवं पीक असल्यासारखी त्याची ओळख करून देतात. खानदेशाला ते नवं नाही, आणि हे सांगायलाच हवं.

एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबारकडच्या डोंगराळ भागात या तेलाच्या भट्ट्या लागत. तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जाई आणि तिथून इस्तंबूलला पोचे. तिथले व्यापारी ते लिंबाच्या रसाच्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवत. रंग उतरे, उग्रपणा जाई आणि मग ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. कधी तर गुलाबपाकळ्यांवरच शिंपडून भट्टीत घालत. ही भेसळ खपून जाई, कारण जिरॅनिऑल हा सुगंधी घटक दोन्ही तेलांत असतो. 1871 मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळा केला, तोही हिंदुस्थानातून आलेल्या गवताच्या तेलातून.

पण ते तेल शुद्ध करावं का लागे? उत्तर भट्टीत आहे. ओढ्याकाठी दगडी चुलीवर मोठी कढई, तिच्यात गवत आणि पाणी एकत्र, तोंड मातीने लिंपलेलं. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात बुडवलेल्या भांड्यात जाई. तेल पाण्याहून हलकं, म्हणून वर तरंगे आणि तिथून काढून घेत. मांडणी हुशारीची होती. जंगलातून गवताचे भारे वाहून आणण्यापेक्षा भट्टीच गवतापाशी नेणं शहाणपणाचंच.

दोष होता तो आगीचा. जिरॅनिऑल एकटं तापवलं तर सुमारे 230 अंशांना उकळतं. पाण्याच्या वाफेसोबत मात्र ते शंभराच्या आतच निघून येतं. ऊर्ध्वपातनाची सगळी किमया एवढ्यात आहे. कढईतलं पाणी आटलं की तळाचं गवत करपतं आणि तो जळका वास तेलात उतरतो. शिवाय वास मुलायम करणारं जिरॅनिल ॲसिटेट पाण्यात तासन्‌तास उकळल्याने फुटतं. त्यातून सुटणारं आम्ल कढईच्या लोखंडाला खातं आणि तेल रंगतं.

म्हणून पहिली सुधारणा झाली ती गवत पाण्यातून बाहेर काढण्याची. आधी जाळीवर गवत आणि खाली पाणी, पुढे बॉयलर वेगळा ठेवून नुसती वाफ आत सोडायची, आणि लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टील. गवत नीट दाबून भरणंही तितकंच महत्त्वाचं. सैल भरलं तर वाफ मधूनच वाट काढते आणि कडेचं गवत कोरडं राहतं.

गवताची पारखही हळूहळू पक्की झाली. कोरड्या उतारावरची ‘मोतिया’ गुलाबी वासाची, ओलसर सखल जागेतली ‘सोफिया’ उग्र. एकत्र कापली की भाव पडतो. तेल सर्वाधिक तुऱ्यांत, त्याखालोखाल पानांत, देठात जवळपास नाहीच. त्यामुळे कापणी फुलोऱ्यात करायची, हे ठरलं. 1959 मध्ये सुरू झालेल्या आणि आज सीमॅप नावाने ओळखल्या जाणाऱ्या लखनौच्या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने पुढे निवडक वाण आणि शेतावर बसवता येतील अशी संयंत्रं दिली.

एक गळती मात्र आजही अनेक ठिकाणी दिसते. तेलाखालचं सुवासिक पाणी तसंच सोडून देतात. जिरॅनिऑल पाण्यात थोडं विरघळतं. पाणी कोमट बाहेर पडत असेल तर तेलाचे बारीक थेंबही त्याच्यासोबत जातात. वाफ गार करणाऱ्या कंडेन्सरला गार पाण्याचा प्रवाह वाढवायचा आणि तेलाखालचं सुवासिक पाणी परत टाकीत फिरवायचं, हा त्यावरचा उपाय. कनौजचे अत्तर काढणारे कारागीर भपक्यातलं, म्हणजे वाफ गार होऊन जमते त्या भांड्यातलं पाणी पूर्वापार पुन्हा डेगेत, म्हणजे चुलीवरच्या हंड्यात ओतत आले आहेत. नव्या संयंत्रांत तेच काम एक वाकडी नळी करते.