रिफंड अडतो कुठे? आयकर परताव्यामागचा इतिहास

पुण्याच्या सँडविक एशिया या कंपनीने १९७७-७८ पासूनच्या काही वर्षांसाठी आयकर भरला, आणि तो जास्त भरला गेल्याचे पुढे अपिलांमध्ये ठरले. पैसे परत मिळाले, पण त्यांवरचे व्याज खात्याने १२ ते १७ वर्षे रखडवले. मुंबई उच्च न्यायालयात कंपनीला दाद मिळाली नाही. अखेर २७ जानेवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या रकमेवर ९ टक्के भरपाई द्यायला लावली आणि निकालाची प्रत अर्थमंत्र्यांकडे पाठवा, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई होऊ द्या, असेही बजावले. वकील लावून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत असलेल्या कंपनीची ही गत. आठ-दहा हजारांच्या रिफंडसाठी थांबलेल्या पेन्शनरने कुठे जायचे?

रिफंड म्हणजे सरकारने दिलेली सवलत नव्हे. टीडीएस, म्हणजे पैसे हाती येण्याआधीच कापलेला कर, किंवा आगाऊ कराच्या रूपाने आपल्याकडून जादा गेलेले आपलेच पैसे असतात ते. बँकांच्या मुदत ठेवींवरच्या व्याजातून १९९५ पासून कर कापला जाऊ लागला आणि ज्यांचे उत्पन्न करपात्रच नाही अशा घरांतही हा विषय शिरला. उत्पन्न करपात्र नाही असे बँकेला कळवणारा फॉर्म (१९६१ च्या कायद्यात पंधरा-जी किंवा पंधरा-एच) द्यायचा राहिला की कर कापला जाणार, आणि तो सोडवायला रिटर्न भरावे लागणार.

उशीर झाला तर खात्याने व्याज द्यावे हे तत्त्व कायद्यात जुनेच आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातले कलम २४४ए लागू झाले १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून. तेव्हा हे व्याज दरमहा दीड टक्का होते. ते उतरत उतरत सप्टेंबर २००३ मध्ये अर्ध्या टक्क्यावर आले आणि तिथेच थांबले. करदात्याकडून उशीर झाला तर मात्र खाते दरमहा १ टक्का घेते. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेवढेही व्याज मिळत नाही, आणि जे मिळते ते पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवून त्यावर कर भरावा लागतो. हा हिशेब मला कधीच न्याय्य वाटलेला नाही. सँडविकच्या निकालाने व्याजावरही व्याज मिळेल अशी आशा निर्माण झाली होती. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच मोठ्या खंडपीठाने गुजरात फ्लुओरो केमिकल्स प्रकरणात ती संपवली: कायद्यात आहे तेवढेच व्याज, त्यापलीकडे नाही.

पूर्वी रिफंड निघे तो तुमच्या भागाच्या आयकर वॉर्डातल्या अधिकाऱ्याच्या सहीने. रिटर्न कागदी, टीडीएसची प्रमाणपत्रे त्याला टाचलेली, आणि फाइल कुठल्या कपाटात आहे हे शोधायला सीए किंवा त्यांचा माणूस हेलपाटे घालणार. त्रास होता आणि हात ओले करण्याचा मोहही तिथेच होता, पण समोर एक माणूस असे. तो मधला हात काढण्यासाठी जानेवारी २००७ मध्ये दिल्ली आणि पाटण्यात रिफंड बँकर योजना सुरू झाली. अधिकारी रक्कम ठरवणार आणि पैसे स्टेट बँक पाठवणार. १ मार्च २०१९ पासून चेकही बंद झाले. आता पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच रिफंड येतो.

मोठा बदल आणला बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राने, म्हणजे सीपीसीने. २००९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. देशभरातली ई-रिटर्न तिथे जाऊ लागली, शिवाय कर्नाटक आणि गोव्याची कागदी रिटर्नसुद्धा. साध्यासरळ रिटर्नचा रिफंड वेगाने येऊ लागला, हे मान्य करायलाच हवे.

पण याच यंत्रणेत अधिकाऱ्यांनी आपापल्या रजिस्टरमधल्या जुन्या थकबाक्या चढवल्या, आणि आजच्या कित्येक तक्रारींचे मूळ तिथे आहे. कागदी काळात टाचलेल्या प्रमाणपत्रांची नोंद झाली नाही, की कापलेला कर न भरल्यासारखा दिसे आणि करदात्याच्या नावावर थकीत कराची मागणी उभी राही. अनेकांना त्याची नोटीससुद्धा मिळालेली नव्हती. मग नव्या वर्षाचा रिफंड तयार झाला की कलम २४५ खाली तो त्या जुन्या आकड्यात वळता व्हायचा. बेंगळुरूला विचारावे तर ते म्हणणार स्थानिक अधिकाऱ्याकडे जा, आणि स्थानिक अधिकारी बेंगळुरूकडे बोट दाखवणार. एका सीएने २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला हे सगळे पत्राने कळवले. न्यायालयाने त्या पत्रालाच जनहित याचिका मानले आणि १४ मार्च २०१३ रोजी निकाल दिला: आधी कळवा, करदात्याचे म्हणणे ऐका, मगच वळते करा. दुरुस्तीच्या अर्जांची नोंदवही ठेवा, असेही सांगितले.

तरी जुन्या थकबाक्यांच्या नोंदी खात्याच्या पुस्तकांत राहिल्याच. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी कबूल केले की काही मागण्या १९६२ पासूनच्या आहेत आणि त्यांच्यामुळे पुढचे रिफंड अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या सोडून द्यायचे ठरले. सुमारे एक कोटी करदात्यांना याचा लाभ होईल, असे त्यांनी सांगितले. निर्णय चांगला होता, पण त्या मागण्यांपायी आधीच वळत्या झालेल्या रिफंडचे काय, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

दाद मागायच्या जागाही बदलत गेल्या. पुणे, कोची आणि चंदीगडमध्ये ‘सेवोत्तम’ या प्रायोगिक योजनेतून आयकर सेवा केंद्रे उघडली. तिथे एकाच खिडकीवर अर्ज घेऊन पोच मिळू लागली. करदात्यांच्या तक्रारी ऐकायला आयकर लोकपाल होता. तक्रारी फारच कमी येतात म्हणून ६ फेब्रुवारी २०१९ रोजी मंत्रिमंडळाने ते पद रद्द केले. माझ्या मते तक्रारी कमी येण्याचे एक कारण असेही होते की असा कोणी लोकपाल आहे हेच लोकांना ठाऊक नव्हते. आता उरले ते पोर्टलवरचे ‘ई-निवारण’, सीपीसीची हेल्पलाइन आणि केंद्र सरकारचे सर्वसाधारण तक्रार पोर्टल. जून २०२१ मध्ये नवे ई-फायलिंग पोर्टल आले तेव्हा पहिले काही महिने तेही धड चालत नव्हते. आणि कायद्याने खात्याला वेळ भरपूर दिला आहे. ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले ते संपल्यावर आणखी ९ महिने. जुलै २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नवर डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत प्रक्रिया झाली तरी खाते मुदतीतच.

१९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला. त्याच्या पहिल्या मसुद्यात रिटर्न मुदतीनंतर भरले तर रिफंडच मिळणार नाही अशी तरतूद होती. म्हणजे आजारपणात तारीख चुकलेल्या पेन्शनरचा कापलेला कर सरकारजमा. संसदेच्या प्रवर समितीने ती काढायला सांगितली, सरकारने ते मानले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती राहिली नाही.